गावातला बार, रात्रीचा परवाना आणि शेजाऱ्यांची झोप: तोडगा काढायचा कसा?

गावातला बार रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवायचा यावरून वाद पेटला की दोन आकडे समोर येतात. मालक म्हणतो एक, शेजारी म्हणतात दहा. मग कुणीतरी मध्ये पडून साडेअकरावर तडजोड घडवतं, आणि महिनाभरात दोन्ही बाजू पुन्हा तितक्याच चिडलेल्या असतात. मालकाचा गल्ला घटलेला असतो आणि शेजाऱ्यांना झोपही मिळालेली नसते. कारण झोप मोडत होती ती साडेदहाच्या दणदणाटाने आणि बार बंद झाल्यानंतर रस्त्यावर रंगणाऱ्या गप्पांनी. घड्याळाचा काटा मागे घेतल्याने यातलं काहीच थांबलं नाही.

म्हणून माझं सांगणं असं की वेळेची घासाघीस सगळ्यात शेवटी करा. दारू विकण्याची वेळ, संगीताची वेळ, बाहेर अंगणात बसण्याची वेळ आणि शेवटचं माणूस बाहेर पडण्याची वेळ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्यात आणि भांडणातही त्या एकाच आकड्यात कोंबल्या जातात. त्या सुट्या केल्या की बरेचदा दोघांनाही हवं ते मिळण्याइतकी जागा निघते. हे कसं करायचं ते क्रमाने सांगतो. मालक, शेजारी आणि परवाना देणाऱ्या कार्यालयातला माणूस, तिघांनाही हा क्रम वापरता येईल.

आधी हे समजून घ्या: गावातली शांतता वेगळी असते

शहरात मध्यरात्रीही रस्त्याची घरघर चालू असते आणि बारचं संगीत त्यात विरून जातं. गावात वारा पडलेल्या रात्री घराबाहेरच्या आवाजाची पातळी बऱ्याचदा ३० डेसिबलच्या खाली उतरते. तितक्याच आवाजातलं तेच गाणं इथे लख्ख ऐकू येतं. शहरातल्या बारवर बसवलेले नियम जसेच्या तसे गावात आणले की फसतात, त्यामागचं मोठं कारण हे.

दुसरं कारण हवेचं. निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर थंड होते, त्यामुळे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. अशा वेळी ध्वनिलहरी वर निसटून जात नाहीत, खाली वाकतात आणि लांबवर पोचतात. त्यामुळे बारच्या भिंतीला लागून राहणारा म्हणतो ‘मला काही त्रास नाही’ आणि दोन शेतं ओलांडून राहणारी बाई म्हणते ‘शब्दन् शब्द ऐकू येतो’. दोघंही खरं बोलत असतात. लांबच्या तक्रारदाराला खोटं पाडायची घाई करू नका.

तिसरी गोष्ट माणसांची. गावात तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो रोज एकमेकांसमोर येतात. म्हणून त्रास होणारे बरेच जण गप्प बसतात आणि बोलणाऱ्या एकट्यावर ‘भांडकुदळ’ असा शिक्का बसतो. एकच तक्रार आली म्हणजे एकालाच त्रास आहे असं मालकाने धरून चालू नये.

पायरी १: आवाज सुटे करा

‘बारचा त्रास’ या दोन शब्दांवर कुणालाच काही करता येत नाही. कागद घ्या आणि कोणकोणते आवाज आहेत ते लिहून काढा. साधारणपणे पाच प्रकार निघतात.

पहिला म्हणजे बेस, भिंतीतून येणारा ठोका. गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण छातीत आणि उशीत धकधक जाणवते. दुसरा, उघड्या दारातून आणि खिडकीतून येणारं गाणं, माइकवरचं बोलणं, आरोळ्या. तिसरा, बाहेर बसलेल्यांच्या किंवा सिगारेट ओढायला उभ्या राहिलेल्यांच्या गप्पा. चौथा, निघतानाचा: निरोप, हसणं, गाड्यांची दारं, इंजिनं, चुकून वाजणारा हॉर्न.

पाचवा प्रकार यादीत कायम राहून जातो. तो म्हणजे कामाचा आवाज. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा, फ्रीजचा कॉम्प्रेसर, शटर, खुर्च्या फरफटवणं. आणि रिकाम्या बाटल्या. रात्री एक वाजता गिऱ्हाईक गेलेलं असतं, संगीत बंद असतं, गाव शांत झालेलं असतं. अशा वेळी पोऱ्या मागच्या दाराने येतो आणि भरलेला क्रेट पत्र्याच्या पिंपात उलटा करतो. आठवड्यातला सगळ्यात झोप उडवणारा आवाज बरेचदा हाच असतो, आणि मालकाला तो माहीतच नसतो, कारण त्या वेळी तो आत हिशेब करत बसलेला असतो. हा त्रास दुसऱ्या दिवशीपासून बंद करता येतो. बाटल्या आत झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि सकाळी नऊनंतर बाहेर न्यायच्या. दमडीचाही खर्च नाही.

पायरी २: दोन वह्या

शेजाऱ्यांनी एक वही ठेवावी, मालकाने एक. तीन ते चार आठवडे पुरतात. त्यात एखादी सुट्टी किंवा कार्यक्रमाची रात्र आली पाहिजे आणि साधे वारही आले पाहिजेत.

शेजाऱ्याच्या वहीत ‘काल फार त्रास झाला’ असं लिहून उपयोग नाही. नोंद अशी हवी: ‘शनिवार, रात्री १२:४०. मागची बेडरूम, खिडकी बंद. ठोका ऐकू येतो, शब्द नाहीत. १:१० ला थांबला. १:२५ ला रस्त्यावर चार-पाच जणांच्या मोठ्याने गप्पा, दहा मिनिटं.’ वार, वेळ, जागा, खिडकीची स्थिती, आवाजाचा प्रकार आणि कालावधी एवढं पुरे. रागाचे शेरे लिहू नका. ही वही उद्या परवाना कार्यालयात गेली तर तिचं वजन तिच्या कोरडेपणावर ठरतं. ज्या रात्री काही ऐकू आलं नाही त्या रात्रीचीही नोंद करा. ‘काही नाही’ असं लिहिलेल्या ओळींमुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

मालकाच्या वहीत: त्या रात्री काय होतं, रेकॉर्डेड गाणी की वादक, संगीत कधी सुरू आणि कधी बंद, गर्दी अंदाजे किती, दारं-खिडक्या उघड्या होत्या का, शेवटचं गिऱ्हाईक कधी गेलं, कुणाचा फोन आला का आणि आल्यावर काय केलं.

मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा. इथे वादाचं रूप बदलतं. ‘तुमच्या बारमुळे’ हे बोलणं मागे पडतं आणि ‘ढोलक आणि ड्रम असतात त्या रात्री’, ‘मागचं दार उघडं राहिलं त्या रात्री’ अशी वाक्यं यायला लागतात.

पायरी ३: मोजणी, पण डोळसपणे

डेसिबलचं माप सरळ रेषेत चालत नाही. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट झाली, तरी कानाला फरक जेमतेम जाणवतो. म्हणून ‘आम्ही दोन डेसिबल कमी केलं’ याला फारसा अर्थ नाही, आणि ‘फक्त दहाने जास्त आहे’ यातला ‘फक्त’ही खरा नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ‘ए’ मापनात. नियमांमध्ये बहुतेक ठिकाणी ए-भारित डेसिबल वापरतात. हे मापन माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेवर बेतलेलं आहे आणि खालच्या सुरांना फार कमी धरतं. ६३ हर्ट्झला (सेकंदाला ६३ कंपनं), म्हणजे बेसच्या ठोक्याच्या पट्ट्यात, ते जवळजवळ २६ डेसिबल वजा करतं. घरात पोचलेला ठोका ६० डेसिबलचा असला तरी आवाज मोजणाऱ्या मीटरवर तो ३४ मोजला जातो. मालक मीटर दाखवून म्हणतो ‘बघा, काहीच नाही’ आणि शेजारी रात्रभर जागा असतो. मीटरवर ‘सी’ नावाची दुसरी सोय असते, ती खालचे सूर जवळजवळ कापत नाही. दोन्ही घ्या. ‘सी’ आणि ‘ए’ यांतला फरक १५ ते २० डेसिबलपेक्षा जास्त आला, तर दुखणं बेसचं आहे असं समजा.

मोजायचं कुठे? ज्या खोलीत माणूस झोपतो तिथे, खिडकी नेहमी जशी असते तशी ठेवून. शिवाय त्या खिडकीच्या बाहेर. बारच्या दारात घेतलेल्या आकड्याने शेजाऱ्याच्या झोपेबद्दल काही कळत नाही. सगळ्यात उपयोगी चाचणी साधी आहे: ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी मालकाने पाच मिनिटं संगीत पूर्ण बंद करावं, मग पुन्हा सुरू करावं. बेडरूममध्ये बसलेला माणूस दोन्ही वेळी आकडा टिपतो आणि कानानेही ऐकतो. संगीत बंद केल्यावरही घरघर चालूच राहिली तर गुन्हेगार एक्झॉस्ट पंखा आहे. तो शोध अशाच चाचण्यांत लागतो.

फोनवरचं अॅप तुलनेसाठी चालतं: कालच्यापेक्षा आज, उघड्या दारापेक्षा बंद दार. पण बरीचशी अॅप आणि फोनचे माइक खालच्या सुरांवर भरवशाचे नसतात. कार्यालयात किंवा कोर्टात आकडा टिकवायचा असेल तर प्रमाणित, कॅलिब्रेट केलेला मीटर आणि तो वापरता येणारा माणूस लागतो.

तुलनेला कोणते आकडे घ्यायचे? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बेडरूमच्या आत रात्रीची सरासरी ३० डेसिबल आणि एकेका आवाजाची कमाल ४५ डेसिबल असं सुचवलं. अर्धवट उघड्या खिडकीमुळे साधारण १५ डेसिबल कमी होतात असं धरून खिडकीबाहेर सरासरी ४५. २००९ मध्ये याच संघटनेने युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची घराबाहेरची वार्षिक सरासरी ४० पर्यंत असावी असं म्हटलं. भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ ची मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असंही त्यात आहे. जर्मनीच्या १९९८ च्या नियमांत गावठाण प्रकारच्या वस्तीला रात्री ४५ आणि सर्वसाधारण निवासी वस्तीला ४० आहेत.

जर्मन नियमांतली एक गोष्ट मला सगळ्यात न्याय्य वाटते. तिथे रात्रीचा हिशेब पूर्ण रात्रीच्या सरासरीवर करत नाहीत, रात्रीतला सगळ्यात गोंगाटाचा एक तास धरतात. आठ तासांच्या सरासरीत बारा ते एकचा धिंगाणा पहाटेच्या शांततेत विरघळून जातो आणि कागद स्वच्छ दिसतो. तुमच्या भागातला कायदा काहीही म्हणो, आपसातल्या करारात ‘सर्वांत गोंगाटाचा तास’ हेच माप ठेवा.

पायरी ४: इमारतीच्या आतलं काम

इथे पैसे चुकीच्या जागी घालवण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून थोडं थांबून सांगतो.

आधी फुकटचं. ध्वनियंत्रणेच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, ८० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा. ठरावीक वेळेनंतर सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर, बंदच करा. गिऱ्हाइकाला गाणं ऐकू येत राहतं, पण भिंतीपलीकडचा ठोका नाहीसा होतो. स्पीकर भिंतीला टेकलेला असेल तर हलवा. जमिनीवर असेल तर खाली जाड रबर घाला, नाहीतर कंप थेट बांधकामात शिरतो. स्पीकरचं तोंड दाराकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. दोन मोठे स्पीकर ताणून वाजवण्यापेक्षा सहा-आठ लहान स्पीकर टेबलांजवळ हळू वाजवले, तर बसलेल्याला तेवढंच ऐकू येतं आणि एकूण आवाज कमी लागतो.

मग दारं आणि फटी. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा राहिला तर ती भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणजे लाखो खर्चून भिंत जाड केली आणि दाराखाली फट राहिली, तर खर्च पाण्यात गेला. दाराला रबरी पट्ट्या, आपोआप बंद होण्यासाठी क्लोजर, आणि जागा असेल तर दोन दारांच्या मध्ये छोटा बोळ, म्हणजे एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडतं. दारं बंद ठेवायची तर आत हवा खेळती राहायला हवी. उकाडा झाला की कुणीतरी दाराला वीट लावतोच. वायुवीजनाची सोय न करता ‘दारं बंद ठेवू’ असं लिहून देणं म्हणजे पहिल्याच गरम रात्री मोडणारं वचन.

फोम आणि अंड्याचे ट्रे यांवर पैसे घालवू नका. भिंतीला चिकटवलेला फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज पलीकडे जाणं थांबवत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. पाच सेंटीमीटरच्या फोमला ती जुमानत नाही. खालचे सूर अडवायला वजन लागतं: जड भिंत, दुहेरी थर, मध्ये हवेची पोकळी आणि फटी बंद. छप्पर पत्र्याचं असेल तर भिंतींआधी छपराकडे बघा, आवाज बऱ्याचदा तिथूनच निसटतो.

लिमिटर हे यंत्र ठरवलेल्या पातळीच्या वर ध्वनियंत्रणा जाऊ देत नाही. ते बसवा, पण त्याची पातळी बारमध्ये बसून ठरवू नका. एक माणूस शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये, एक बारमध्ये, दोघं फोनवर. बेडरूममध्ये संगीत ओळखू येणं थांबलं की ती पातळी कायम करायची, कुलूप लावायचं, किल्ली मालकाकडे. डीजेकडे नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा: लिमिटर फक्त विजेवर चालणारा आवाज धरतो. ड्रम, ढोलक आणि टाळ्या त्याच्या हाताबाहेरच्या. म्हणून वादकांच्या कार्यक्रमांची वेळ वेगळी आणि लवकरची ठेवावी लागते.

पंखा आणि कॉम्प्रेसर यांना रबरी पाये, वेळच्या वेळी दुरुस्ती, आणि शक्य असेल तर शेजाऱ्यापासून दूरची भिंत. पंखा स्वयंपाकघर बंद झाल्यावर टायमरने थांबला पाहिजे.

पायरी ५: अंगण

संगीत यंत्राने कमी होतं, माणसांचं तसं नाही. एका माणसाच्या बोलण्यापेक्षा एकाच वेळी बोलणाऱ्या वीस माणसांचा आवाज १३ डेसिबलने जास्त असतो, तेही प्रत्येकाने साध्या आवाजात बोलायचं ठरवलं तर. पण कुणी साध्या आवाजात बोलत नाही. भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं आणि आजही तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून अंगणातला पहिला उपाय म्हणजे तिथला स्पीकर काढून टाकणं. गाणं थांबतं आणि त्यावर मात करायला चढलेल्या गप्पाही खाली येतात.

दुसरा उपाय जागेचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खुर्च्या शेजाऱ्याच्या खिडकीपासून १० मीटरवरून २० मीटरवर नेल्या तरी फरक पडतो. त्याहून चांगलं म्हणजे बारची इमारतच मध्ये येईल अशा बाजूला बसायची सोय करणं. झाडांच्या रांगेवर भिस्त ठेवू नका. डोळ्यांना आडोसा होतो, कानांना फारसा होत नाही.

तिसरा उपाय वेळेचा. आतला बार बारापर्यंत चालला तरी अंगण दहाला रिकामं करता येतं. त्यानंतर सिगारेटसाठी एकच जागा, रस्त्यापासून आतल्या बाजूला, आणि तिथे ग्लास न्यायला मनाई. हातात ग्लास नसला की माणूस तिथे फार रेंगाळत नाही.

पायरी ६: शेवटचा तास

बहुतेक तक्रारींचं मूळ या तासात असतं, आणि तो सांभाळण्याचं कसब मालकाच्या हातात आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्याची अंमलबजावणी २४ नोव्हेंबर २००५ पासून सुरू झाली. त्याआधी बहुतेक पब रात्री अकराच्या सुमारास एकदम बंद होत आणि सगळी गर्दी एकाच वेळी रस्त्यावर येई. वेगवेगळ्या वेळा दिल्या तर गर्दी पांगेल, हा त्या बदलामागचा एक विचार होता. एकच बार असलेल्या गावात ही पांगापांग बारच्या आतच घडवावी लागते.

समजा बंद होण्याची वेळ साडेबारा आहे. मग साडेअकराला सबवूफर बंद आणि गाण्यांची चाल संथ. पावणेबाराला शेवटच्या ऑर्डरची सूचना, तीही टेबलावर जाऊन, माइकवरून नाही. बाराला विक्री बंद आणि दिवे थोडे वाढवलेले. सव्वाबाराला संगीत पूर्ण बंद. या अर्ध्या तासात लोक आपापल्या वेळेने दोन-दोन, तीन-तीन असे निघतात. दारू थांबवणं आणि दार लावणं या दोन वेळांत किमान अर्धा तास ठेवा. एकाच ठोक्याला दोन्ही करणारा बार आपलं गिऱ्हाईक चढलेल्या आवाजासकट शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभं करतो.

दाराशी एक ओळखीचा, शांत माणूस हवा. पाटी लावा, पण पाटीने काम होत नाही. त्या माणसाने हळू आवाजात ‘दादा, घरी जाऊन बोला, इथे लोक झोपलेत’ म्हटलं की होतं. गाड्या शेजाऱ्याच्या भिंतीलगत लावू देऊ नका. भाड्याची गाडी मागवलेल्यांनी आतच थांबावं, ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता फोन करावा. आणि कर्मचारी निघतानाही हेच नियम पाळतात का ते बघा. मध्यरात्री मोटारसायकल तापवत उभा राहणारा बऱ्याचदा आपलाच वेटर असतो.

पायरी ७: बैठक

अशा बैठका मी जवळून बघितल्या आहेत. बिघडतात त्या बहुतेक एकाच कारणाने: वीस लोक एकीकडे, मालक एकटा दुसरीकडे, आणि जागा बार. बैठक दोघांच्याही जागेत नको. दोन्हीकडून दोन-तीन माणसं, दुपारची वेळ, मध्यस्थ असा की ज्याचा बारशी धंद्याचा संबंध नाही आणि तक्रारीशीही नाही. समोर दोन वह्या आणि मोजणीचे आकडे.

बैठकीआधी मालकाने शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये शनिवारी रात्री अर्धा तास बसावं. शेजाऱ्याने एकदा बंद होण्याच्या वेळी बारमध्ये यावं. याने जेवढी कोंडी फुटते तेवढी पत्रव्यवहाराने फुटत नाही.

बोलणी आवाजाच्या प्रकारांच्या क्रमाने करा: आधी बाटल्या आणि पंखा, कारण त्यावर लगेच एकमत होतं, मग बेस, मग अंगण, मग निघण्याची वेळ. बंद होण्याचा आकडा सगळ्यात शेवटी. तिथे पोचेपर्यंत दोघांनी एकमेकांचं बरंच ऐकलेलं असतं. बैठकीतून निघताना एक फोन नंबर ठरलेला हवा, आणि तो त्या वेळी खरोखर बारमध्ये हजर असणाऱ्या माणसाचा हवा. फोन आला की दहा मिनिटांत काय करायचं तेही ठरवा. आणि शेजाऱ्यांनीही तो नंबर वापरावा. सोमवारी कार्यालयात थेट अर्ज टाकण्याआधी शनिवारी रात्री फोन करणं हा कराराचा त्यांचा भाग आहे.

उशिराच्या तासाबद्दल एक स्पष्ट मत. जादा तासाचा परिणाम फक्त आवाजावर होत नाही. नॉर्वेतल्या १८ शहरांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंद होण्याची वेळ एक तासाने वाढली की मारामारीचे प्रकार साधारण १६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. शहरांचा हा आकडा गावाला जसाच्या तसा लावू नये, पण मालकाने जादा तास मागताना ‘आवाजाचं बघतो’ एवढ्यावर थांबू नये. जादा तास शुक्रवार-शनिवारपुरता मागा. आठवड्याच्या मधल्या वारी दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा आणि मोठ्यांचं काम असतं, आणि तेव्हा बारमध्ये गिऱ्हाईकही कमीच असतं.

पायरी ८: अटी लिहिताना

तोंडी ठरलेलं टिकत नाही. मालक बदलतो, मॅनेजर बदलतो. जे ठरलं ते परवान्याच्या अटींत किंवा निदान दोघांच्या सहीच्या कागदावर आणा. ‘आवाजाचा त्रास होणार नाही याची काळजी घेतली जाईल’ ही अट निरर्थक आहे, कारण ती मोडली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. ‘संगीत बाहेर ऐकू येता कामा नये’ हीसुद्धा अपुरी. कोणत्या घरी, आत की बाहेर, कुणाच्या कानाला? इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशाच धर्तीची अट संदिग्ध म्हणून अमान्य केली होती.

चालणाऱ्या अटी अशा दिसतात:

• रात्री १० नंतर अंगणात बसण्यास आणि ग्लास नेण्यास मनाई. धूम्रपानासाठी नकाशात दाखवलेली एकच जागा.
• रात्री ११ नंतर सर्व संगीत सीलबंद लिमिटरमधूनच. ठरलेली पातळी नोंदवलेली. ती बदलायची तर लेखी परवानगी.
• संगीत चालू असताना रस्त्याकडच्या दारं-खिडक्या बंद, ये-जा वगळता.
• विक्री १२ ला बंद, जागा १२:३० ला रिकामी.
• रात्री ९ ते सकाळी ९ काचेची विल्हेवाट आणि मालाची चढउतार नाही.
• तक्रारींची नोंदवही. मागितल्यावर दाखवणं बंधनकारक.

मोठ्या कार्यक्रमांसाठी वेगळं खातं ठेवा. जर्मन नियमांत ‘क्वचित घडणाऱ्या घटना’ म्हणून वर्षाला जास्तीत जास्त दहा दिवस किंवा रात्री शिथिल मर्यादा मिळते, तीही लागोपाठच्या दोनहून जास्त शनिवार-रविवारांना नाही. गावाने हीच कल्पना उचलावी. वर्षाच्या सुरुवातीला तारखा जाहीर करा, आसपासच्या घरांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या. आधी कळलेली गोंगाटाची रात्र माणूस सहन करतो. अचानक आलेली नाही.

शेजारी नवा असेल तर? जुन्या बारशेजारी नवी घरं बांधली गेली, तर आवाज अडवायची जबाबदारी नवं बांधणाऱ्यावर, असं तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या नियोजन धोरणाने २०१८ मध्ये स्वीकारलं. मला ते योग्य वाटतं. पण त्याची दुसरी बाजूही खरी: जुन्या बारने नव्याने डीजे आणला किंवा वेळ वाढवली, तर बदल करणारा बार आहे आणि जबाबदारी त्याची.

पायरी ९: चाचणी, आणि नाहीच जमलं तर

जादा वेळ एकदम कायमची देऊ नका. तीन महिन्यांची चाचणी ठेवा. वह्या चालू, मोजणी चालू, शेवटी बैठक. अटी पाळल्या गेल्या तर वेळ कायम, नाहीतर आपोआप जुनी वेळ परत. ही ‘आपोआप’ तरतूद आधीच लिहिलेली असावी.

तरीही अटी मोडत राहिल्या तर शेजाऱ्यांनी वही आणि मोजणी घेऊन परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे परवान्याच्या फेरविचाराची लेखी मागणी करावी. तातडीच्या रात्री पोलिस. पोच घ्या, प्रत ठेवा. परवाना रद्द करण्याची मागणी पहिल्याच अर्जात करू नका. ‘अंगण दहाला बंद’, ‘लिमिटर सील करा’ अशी नेमकी मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

चाचणी थंडीत झाली असेल तर उन्हाळ्यात एकदा पुन्हा मोजा. थंडीत सगळ्यांच्या खिडक्या बंद असतात, अंगण रिकामं असतं. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या खिडक्या उघडतात आणि गर्दी बाहेर येऊन बसते. लिमिटरची पातळी त्या रात्रीच्या आकड्यावर बसवा.